‘गीत : पारंपरिक’ लिहिलं की माझी आजी कुठे जाते?

गोठिवलीची_नात

गेले तीन आठवडे हे लिहू की नको असं चाललं होतं. परवा आमच्याच गल्लीत हळद होती, तिथे आमचं गाणं वाजलं आणि मग राहवलं नाही. लांब झालंय, पण शेवटपर्यंत वाचा. मला खरंच उत्तर हवंय.

माझी आजी धवलारीण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आगरी लग्नात धवले गाणारी बाई. मांडव घातल्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. अलीकडे तिला बोलावणं येतं ते जुन्या घरांतूनच.

माझा भाचा बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवतो. त्याला हळदीचं गाणं करायचं होतं. दर मोसमात दिवा-ऐरोलीपासून पनवेलपर्यंत हळदीची नवी गाणी येतात, ती बहुतेक एकाच साच्यातली असतात. तो म्हणाला, ‘मावशी, आजीच्या धवल्यातल्या दोन ओळी मुखड्याला घेऊ.’ मला आवडलं. आजीला विचारलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘देवाचा नको. हलदीचा घे.’ देवांना आवतण देणारा धवला तिने आम्हाला रेकॉर्डच करू दिला नाही. ही सीमा तिने आखली, आम्ही नाही.

रेकॉर्डिंग तिच्याच मागच्या खोलीत केलं. ठाणे-बेलापूर रस्त्याचे ट्रेलर आणि लोकलचा आवाज, म्हणून रात्री अकरानंतर. पंखा बंद, खिडकीला गादी, भिंतीवर गोधड्या. भाच्याने तिच्या कानाला हेडफोन लावून क्लिक, म्हणजे लय धरायचा एकसारखा ठोका, सोडला. दोन ओळी झाल्या आणि तिने हेडफोन काढून ठेवला. ‘माज्या कानान कोन ठोकतंय गो?’ मग क्लिकशिवाय गायली. डोळे मिटून, हात जात्यावर असल्यासारखा फिरवत, सलग बावीस मिनिटं.

आता अडचण अशी की तिची लय तिच्या श्वासावर चालते. पहिलं कडवं संथ, पुढे हळूहळू चढत जाते, नावं घ्यायची वेळ आली की थांबते. भाच्याने दोन दिवस तिला ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एकसारख्या ठोक्यांवर, बसवायचा प्रयत्न केला. आवाज बसला, पण ऐकल्यावर आजी नव्हतीच त्यात. सूरही तसाच. तिचा गंधार पेटीच्या कुठल्याच पट्टीवर नेमका सापडत नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि दर वेळी तिथेच असतो. पिच दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावलं की तो शेजारच्या पट्टीला चिकटतो. ते आम्ही काढून टाकलं.

शेवटी ठरलं ते असं : पहिले पन्नास सेकंद फक्त आजी, खाली काहीही नाही. मग संबळ, मग ढोलकी, मग काळी दोनच्या पट्टीत बेंजो आणि मिनिटाला ११२ ठोक्यांच्या लयीत सहा मात्रांचा ठेका. कडवी एका तरुण मुलीने गायली, फार छान गायली. आणि शेवटच्या कडव्याला परत आजी.

त्या शेवटच्या कडव्यासाठीच हा धागा आहे. त्यात नवरीची आई म्हणते की अक्षतांना घरचे तांदूळ उरले नाहीत, शेत नव्या शहराखाली गेलं, रेशनचे तांदूळ हळदीत पिवळे करून आणलेत, देवा, रागावू नकोस. हे कडवं आजीने माझ्या मोठ्या आत्याच्या लग्नात केलं. तेव्हा घरचं भात खरंच नव्हतं. तिला लिहिता येत नाही. तिने ते मनात जुळवलं, मांडवात गायलं, आणि पुढे ज्या ज्या घरचं शेत गेलं होतं तिथे तिथे बायका तिला ते म्हणायला सांगू लागल्या.

गाणं एका म्युझिक चॅनेलने घेतलं (नाव सांगत नाही). त्यांनी पहिले पन्नास सेकंद कापले, कारण ठेका लगेच आला नाही तर लोक पुढे जातात. ते एक वेळ समजू शकते. पण खाली माहितीत लिहिलं : गीत-संगीत पारंपरिक, संयोजन भाच्याचं नाव, गायिका त्या मुलीचं नाव. आजी कुठेच नाही. मी कळवलं तर उत्तर आलं की लोकगीताला कुणाचं नाव नसतं.

परवा हळदीत डीजेने तेच कापलेलं गाणं वेग चढवून लावलं. पुढच्या रांगेतल्या बायकांना शब्द पाठ होते, मांडवात ऐकलेले. त्या नाचता नाचता म्हणत होत्या, आणि ते बघून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आजी खिडकीत बसली होती. तिने एवढंच विचारलं, ‘माजा आवाज असा बारीक कसा जाला गो?’

रेशनच्या तांदळाचं कडवं पारंपरिक कसं?

वागळे_मिक्स

आधी गाण्याबद्दल बोलतो. मी पूर्ण आवृत्ती ऐकलेली नाही, कापलेली ऐकली. शेवटच्या कडव्यात ठेका आजींच्या मागे चालतो, पुढे नाही, हे लगेच कळलं. ते कसं केलं? टेम्पो मॅप काढला का?

आवाज बारीक होण्याचं कारण सोपं आहे. ११२ चं गाणं १२६ वर नेलं, तर वेग साडेबारा टक्क्यांनी वाढतो, आणि पट्टी न धरता वाढवला तर सूर जवळजवळ दोन पट्ट्या वर जातो. काळी दोनचं गाणं पांढरी चारला पोचतं. तरुण आवाज तेवढं सोसतो. वयस्क आवाजातली खरखर आणि छातीतला खर्ज हीच त्याची ओळख असते, ती जाते.

दुसरं, पन्नास सेकंद ठेवण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पातळीची काळजी करू नका. युट्यूब अख्ख्या गाण्याची सरासरी मोजतं. ती उणे १४ लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) वर गेली की खाली खेचतं, कमी असेल तर उचलत नाही. म्हणून सगळं दाबून सपाट करण्यात काही मिळकत नाही. सुरुवात हळू आणि ठेका मोठा, हा फरक राहू द्या, त्यातच धक्का आहे.

एक सूचना मात्र आहे. बहुतेक लोक हे फोनवर ऐकणार. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खर्जाचा मूळ सूर येतच नाही. त्याच सुराचे वरचे नाद थोडे वाढवले की कान खालचा सूर आपोआप भरून घेतो. तुमच्या ढोलकीचा डग्गा फोनवर गायब होतोय, तिथे हे करून बघा.

गोठिवलीची_नात

@वागळे_मिक्स, हो, टेम्पो मॅपच. भाच्याने आजीच्या प्रत्येक ओळीच्या पहिल्या ठोक्यावर खूण केली आणि सॉफ्टवेअरची लय तिच्याप्रमाणे वाकवली. मग ढोलकीवाल्या दादांना ते ऐकवून वाजवायला लावलं. ते म्हणाले, क्लिक नको, म्हातारीचा श्वास मोठा कर, मी त्यावर धरतो. तिसऱ्या टेकला बसलं. डग्ग्याचं आजच सांगते त्याला.

खारेगावकर

ताई, तुमच्या आजींना नमस्कार. पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

धवला हा मंत्र आहे. भटजी आमच्याकडे उशिरा आले, त्याआधी लग्न लागायचं ते धवलारणीच्या तोंडून, असं माझे वडील सांगत. त्या बाईचा मान मोठा होता. तिला साडी-चोळी देऊन बसवायचे. आज तोच शब्द डीजेच्या गाडीवरून, दारू प्यायलेल्या पोरांच्या मधे वाजतो. नाव लावलं काय आणि न लावलं काय. उलट नाव लावून तुम्ही त्या गाडीवर आजींनाच बसवताय. माझ्या आईने तिच्या हयातीत एकही धवला कुणाला टेप करू दिला नाही. तिच्याबरोबर गेले सगळे. मला त्याचं वाईट वाटतं, पण तिचं चुकलं असं म्हणवत नाही.

गोठिवलीची_नात

@खारेगावकर दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

म्हणूनच देवाचा धवला आम्ही घेतला नाही. हळदीचा धवला दळताना, हसताना, एकमेकींना चिडवताना म्हणायचा असतो, आजीच्या म्हणण्याप्रमाणे तो अंगणातला आहे, देव्हाऱ्यातला नाही. तुमच्या आईंनी जे ठरवलं तो त्यांचा हक्क होता. माझी आजी वेगळं ठरवतेय, तोही तिचाच हक्क. मला फक्त एवढंच खुपतं की ठरवलं तिने, गायली ती, जुळवलं तिने आणि कागदावर ती नाही.

जुनी_पोथी

‘लोकगीताला कुणाचं नाव नसतं’ हे वाक्य वाचून राहवलं नाही.

मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो ती महदंबा. तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. आणि तिने काय रचलं? धवळे! रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला तेव्हा तिने ती गायली. म्हणजे मराठी बाईची पहिली नावानिशी टिकलेली कविता हीच मुळी लग्नातलं गाणं आहे. ते नाव सातशे वर्षं राहिलं, कारण पंथातल्या माणसांनी ते लिहून ठेवलं. तुमच्या आजी त्याच कामातल्या. फरक इतकाच की त्यांच्या वेळी लिहून ठेवणारं कुणी बसलं नव्हतं. आता तुम्ही बसला आहात.

अजून एक. ‘मी डोलकर’ घ्या. आपल्या खाडीकाठच्या कुठल्याही समारंभात ते वाजतं आणि कित्येकांना ते कोळ्यांचं पिढीजात गाणंच वाटतं. पण शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाई आणि हेमंतकुमारांचे. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत कारण तबकडीवर छापली होती. कवयित्रीने कोळ्यांच्या बोलीत लिहिलं तर तिचं नाव छापायचं आणि आगरी बाईने स्वतःच्या बोलीत रचलं तर ‘पारंपरिक’ छापायचं, हे मला पटत नाही.

खारेगावकर

@जुनी_पोथी, महदंबेचं शाळेत वाचलं होतं, पण धवळे म्हणजे हेच धवले हे आज डोक्यात आलं.

कोर्टनाका_ठाणे

मी वकिली करतो, कॉपीराइटची थोडी कामं केली आहेत. कामाचं तेवढं सांगतो.

मूळ धवला जुना, कर्ता अज्ञात, त्यावर कुणाची मालकी नाही. बरोबर. पण शेवटचं कडवं आजींचं स्वतःचं आहे. नवी मुंबईसाठी जमिनी घेणंच १९७० पासूनचं, त्यामुळे शेत नव्या शहराखाली गेल्याचं कडवं आधीचं असूच शकत नाही. गाण्यातच पुरावा आहे. त्या ओळींचा कॉपीराइट आजींचा, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. नोंदणी सक्तीची नाही.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, कलम १९. आजींनी कशावर सही किंवा अंगठा दिला आहे का, हे पहिलं तपासा. भाच्याने केली असेल तर ती भाच्याच्या कामापुरती, आजींच्या नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. आणि हक्क दिला असला तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा अधिकार जात नाही, ते कलम ५७.

दुसरा पदर गाणाऱ्याचा. आजींनी गायलं, म्हणून कलाकाराचा हक्क वेगळा आहे, तो ५० वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३८ ख आलं, त्यात आपलं सादरीकरण आपल्या नावाने ओळखलं जावं आणि त्याची विटंबना होऊ नये, हेही आहे. त्यामुळे पारंपरिक ओळी गायल्या तरी ‘गायिका’ म्हणून नाव हवंच. कापलेल्या गाण्यात शेवटी त्यांचा आवाज आहे, असं वर @वागळे_मिक्स यांनीच लिहिलंय.

पैशाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणं वाजवलं तर परवाना लागत नाही, कलम ५२ मध्येच तशी सूट आहे. हळदीचं गाणं जिथे सगळ्यात जास्त वाजतं तिथून कर्त्याला काही येत नाही. येईल ते ऑनलाइनमधून. चॅनेलला लेखी नोटीस द्या, रागाने नको, मुद्देसूद. मसुदा मी पाहून देईन, फी नको.

गोठिवलीची_नात

आजीची सही-अंगठा कुठेच नाही. भाच्याची आहे. तो घाबरलाय, त्याला वाटतं की त्याच्यामुळे हे झालं. १९ वर्षांचा आहे. त्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला, जरा शांत झाला.

घणसोली_साउंड

मी डीजे वाजवतो. परवाच्या हळदीत मी नव्हतो, पण हे गाणं माझ्याकडे आहे आणि मीही चढवूनच लावतो, म्हणून लिहितो.

रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो. जेवणं उरकून पोरं उभी राहतात तेव्हा नऊ वाजलेले असतात. एका तासात तीस गाणी मागतात. आधीचं १२८ वर असतं, पुढचं १३० वर, मधे ११२ चं आलं की पाय अडकतात. म्हणून चढवतो. पट्टी धरायचं बटण असतं, मास्टर टेम्पो. ते घाईत राहून जातं, आणि कधी कधी त्याने आवाज फाटल्यासारखा होतो म्हणून मुद्दाम बंद ठेवतो. आजींचं वाक्य वाचलं आणि वाईट वाटलं. आमच्या कन्सोलवर तो आवाज म्हणजे फक्त एक सँपल होता. माणूस आहे, तीन गल्ल्या पलीकडे राहते, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

एक सुचवतो. हळद लावायचा विधी चालू असतो तेव्हा आम्ही डीजे बंदच ठेवतो किंवा बारीक काहीतरी लावतो. तेव्हा लावायला चांगलं काही नसतं. तुमचे कापलेले पन्नास सेकंद मला द्या. पूर्ण बावीस मिनिटं दिलीत तर तीही. ज्या घरात धवलारीण उरली नाही तिथे मी ती लावीन, मूळ वेगात, आणि माइकवर नाव सांगून.

खारेगावकर

@घणसोली_साउंड, हे केलंत तर माझ्या पुतणीच्या हळदीला तुम्हालाच बोलावीन. मार्गशीर्षात आहे.

उरणची_सून

मी उशिरा वाचलं. ताई, रागावू नका, पण मुखड्याच्या ज्या दोन ओळी तुम्ही आजींच्या म्हणताय, त्या माझ्या सासूबाई उरणला म्हणतात. शब्द थोडे वेगळे. तुमच्याकडे जात्याला सखी म्हटलंय, आमच्याकडे बहीण म्हणतात. मुखड्याखाली एकट्या तुमच्या आजींचं नाव आलं तर आमच्याकडच्या बायका म्हणतील, आमचा धवला गोठिवलीने नेला. रेशनच्या कडव्याबद्दल काही म्हणणं नाही. ते आमच्याकडे नाही, ऐकून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचंही शेत गेलंय.

वागळे_मिक्स

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मग प्रत्येक भागाचं श्रेय वेगळं लिहावं लागेल.

गोठिवलीची_नात

@उरणची_सून, रागावू कशाला? तुमचा प्रतिसाद काल रात्री आजीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, ‘जात्याला बहीनच म्हनाची माजी आय.’ तिचं माहेर करावे गावचं. आईकडून शिकली तेव्हा तिथे ‘बहीण’ होतं, गोठिवलीला सून म्हणून आल्यावर इथल्या बायकांचं ऐकून ‘सखी’ झालं. साठ-पासष्ट वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं.

तिच्याशी बसून श्रेयाच्या ओळी ठरवल्या. मी इथे टोपणनावाने लिहिते म्हणून तिचं नाव देत नाही, गाण्याखाली पूर्ण येईल, माहेरच्या आडनावासकट, तो तिचा आग्रह.

मुखडा : हळदीचा धवला, करावे आणि गोठिवली येथे गायला जाणारा, आजीने तिच्या आईकडून घेतलेला. उरणकडेही गातात.
शेवटचं कडवं : रचना आणि गायन आजीचं नाव.
इतर कडवी : गायिकेचं नाव. ढोलकी, संबळ, बेंजो : तिघांची नावं. संयोजन : भाचा.

‘पारंपरिक’ हा शब्द तिने एकदा मला मोठ्याने म्हणायला लावला आणि अर्थ विचारला. मी म्हटलं, आधीपासून चालत आलेलं. ती म्हणाली, ‘चालत कसा येल? कोनीतरी आनला ना.’

@कोर्टनाका_ठाणे, नोटिशीचा मसुदा रविवारपर्यंत पाठवते. चॅनेलने श्रेय दुरुस्त केलं तर उत्तम, नाही केलं तरी पूर्ण आवृत्ती पन्नास सेकंदांसकट आम्ही आमच्याकडून टाकणार. @घणसोली_साउंड, बावीस मिनिटांची फाइल भाचा घेऊन येईल, तुमच्या गोडाऊनवर संध्याकाळी कधी असता ते कळवा.

उरणची_सून

ताई, सासूबाई म्हणतात त्यांच्याकडचा धवलाही घ्या. त्या ७६ वर्षांच्या आहेत, दम लागतो, पण सकाळी आवाज मोकळा असतो. आता नेरूळहून थेट उरणपर्यंत लोकल येते, आजींनाही आणता येईल. दोघींना एकत्र बसवू. जातं आमच्याकडे अजून आहे, माळ्यावर, खाली काढून धुवून ठेवते.

गोठिवलीची_नात

येतो. पुढच्या रविवारी, सकाळच्या पहिल्या गाडीने. आजीला विचारलं तर ती आत्तापासून साडी काढून बसलीय. हेडफोन आणत नाही.